टाळ्यांचा रुमाल

ओव्हाळ सरांनी आयुष्यात कुणाला माफ केलं असं माझ्या तरी ऐकिवात नाही. लोक म्हणतात, मनात राग धरून ठेवला की आधी आपल्यालाच त्रास होतो, झोप उडते, पित्त वाढतं. सरांना उत्तम झोप लागायची. दुपारच्या रिकाम्या तासाला ते स्टाफरूममध्ये मान मागं टाकून असे घोरायचे, की शेजारच्या वर्गातली मुलं हसायची. पित्ताचा त्रास मला होता, आणि मी येता-जाता माफ करणारी बाई.

मी धाराशिवच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले तेव्हा सरकारी कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद होतं, तोंडात धाराशिवच होतं. प्राध्यापक सोपान ओव्हाळ माझ्या आधीपासून तिथं होते. बी.ए.ला नाट्यशास्त्र हा विषय त्यांनीच भांडून सुरू करून घेतलेला. मूळचे बेंबळीचे. वडील गावकीची कामं करायचे, आणि बौद्ध झाल्यावर त्यांनी ती एका दिवसात सोडून दिली. सर हैदराबादला शिकले, तिथं एका म्हाताऱ्या फादरकडून फ्रेंच शिकले, मग शिष्यवृत्ती घेऊन पॅरिसला गेले आणि फ्रेंच नाटकाच्या इतिहासावर प्रबंध लिहून आले. मुंबईत चांगली नोकरी मिळत होती. ती सोडून इथं का आलात, असं मी त्यांना एकदा विचारलं.

"बेंबळीला एसटीनं जवळ पडतं," ते म्हणाले.

'आपल्या लातूरला' म्हणावं तसं ते 'आपल्या पॅरिसला' म्हणायचे. ठेंगणे, काळेभोर, इस्त्रीचा बुशशर्ट आणि हातात बाराही महिने छत्री. फ्रान्समध्ये पडदा वर जायच्या आधी रंगमंचाच्या फळ्यांवर काठीनं तीनदा ठोकतात म्हणे. सर वर्गात शिरले की त्या छत्रीनं फरशीवर तीनदा ठोकायचे आणि मगच बोलायला लागायचे. समोर बसलेली पोरं कुणी तेरची, कुणी बेंबळीची, डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. त्यांना सर तीनशे वर्षांपूर्वीचं पॅरिस शिकवायचे, आणि ती पोरं तास चुकवत नसत. मी मागच्या बाकावर जाऊन बसायची, कारण माझ्या तासाला तीच पोरं पेंगायची आणि मला ते कोडं सोडवायचं होतं.

कोडं काही अवघड नव्हतं. सर प्रमाण मराठीत सुरुवात करायचे आणि रंगात आले की बेंबळीचे व्हायचे.

"पॅरिसात त्या काळी बडी माणसं कुठं बसायची? खाली न्हाय. जास्तीचं तिकीट काढून थेट स्टेजवर. खुर्च्या टाकून. नटाला हलायला जागा न्हाय. हितं राणी मरायलीय आन् तिच्या उशाला सरदार बसून तपकीर वढायलाय. लोकांनी राणी बघावी का सरदार?"

आणि दुसरी गोष्ट टाळ्यांची. पॅरिसच्या थिएटरांचे मालक टाळ्या वाजवायला भाड्यानं माणसं आणायचे. त्यांचा एक मुकादम असायचा. त्यानं खूण केली की टाळ्या, खूण केली की हशा. काही बायका तर फक्त रडायला ठेवलेल्या असायच्या.

"सर, कारखान्याच्या सभेला आपल्याकडंबी ट्रकनं माणसं आणत्यात की," एक पोरगा म्हणाला.

"म्हणून तर शिकवायलोय," सर म्हणाले.

त्यांचा एक कडक नियम होता. तालमीत किंवा प्रयोगात, पात्र बोलत असताना कुणी टाळी वाजवायची नाही. "बाई भाकरी थापायली तर तव्यापुढं हुबं राहून टाळ्या वाजवता का? खाऊन झाल्यावर सांगा कशी झाली ते." पहिल्याच वर्षी टाळी वाजवणाऱ्या एकाला त्यांनी तालमीतून हाकलून दिलं होतं. तो आमच्या प्राचार्यांचा मुलगा होता.

सरांचा राग कसा असायचा, ते सांगायला मला कपाची गोष्ट सांगावी लागेल. ते कॉलेजात रुजू झाले तेव्हा स्टाफरूममध्ये त्यांच्यासाठी एक कप वेगळा ठेवलेला होता. कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. ही व्यवस्था एका ज्येष्ठ सरांनी केली होती. त्यांचं नाव सांगत नाही, मुलं गावात आहेत. ओव्हाळ सरांनी त्या कपातून चहा प्यायला, कप विसळला, रुमालात गुंडाळला आणि घरी नेला. पुढं सगळे कप सगळ्यांचे झाले, काळ बदलला, ते ज्येष्ठ सर भाषणातून समतेवर बोलायला लागले. मग त्यांच्या मुलाला पॅरिसच्या कुठल्याशा कंपनीचा फ्रेंचमधला फॉर्म भरायचा होता, आणि जिल्ह्यात फ्रेंच येणारा माणूस एकच. ते सरांच्या घरी गेले. मीही त्या दिवशी तिथं होते. सरांच्या बायकोनं चहा आणला. मला बशीतून कप, सरांना बशीतून कप, आणि पाहुण्यांपुढं तो कान तुटलेला.

पाहुण्यांनी कप ओळखला. त्यांनी चहा प्यायला, कारण फॉर्म भरून हवा होता. सरांनी फॉर्म अगदी मन लावून भरून दिला, एक चूक नाही. दारापर्यंत पोचवायला गेले. परत आले ते इतके प्रसन्न, की त्यांनी मला दुसरा कप चहा घ्यायला लावला.

आता आबासाहेब. हे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. साखर कारखान्याचे चेअरमनही तेच, दूध संघाचेही तेच. जिल्ह्यात ज्या पाटीवर 'सहकारी' असा शब्द असे, तिच्याखालच्या खुर्चीत ते नाहीतर त्यांच्या घरातलं कुणीतरी बसलेलं असे. माणूस गोरापान, बोलायला गोड, आणि आपल्यासमोर दुसरा माणूस उभा आहे हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागायचा.

कॉलेजच्या मागं पत्र्याची एक लांब शेड होती. सरांनी तिचा नाट्यविभागाचा हॉल केला. विद्यार्थ्यांनी स्वतः फळ्या ठोकून रंगमंच बांधला, पोत्यांचे पडदे शिवले, जुन्या डब्यांत बल्ब बसवून दिवे केले. पत्र्यामुळं उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. तरी पोरं तिथून घरी जायला तयार नसत. त्यांच्यात एक कमल होती, बेंबळीचीच. सावळी, उंच, कमी बोलणारी. बहात्तरच्या दुष्काळात तिची आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि सुट्टीच्या दिवशी कमलही तिच्या शेजारी बसून फोडायची. तालमीला यायची तेव्हा भुवयांवर पांढरी धूळ असायची. अशी ती राणीच्या भूमिकेत उभी राहिली की आम्ही सगळे गप्प व्हायचो. सर तिचं कधी कौतुक करत नसत. फक्त ती बोलायला लागली की छत्री मांडीवर आडवी घेऊन बसायचे.

त्याच दुष्काळात हॉल गेला. दुष्काळी कामावरच्या लोकांना खायला वाटायच्या सुकडीची पोती ठेवायला कोरडी जागा हवी होती, आबासाहेबांनी निरोप पाठवला. सरांनी तासाभरात हॉल रिकामा करून दिला आणि विद्यार्थ्यांबरोबर स्वतः पाठीवर पोती वाहिली. "आधी पोट, मग नाटक. पाऊस पडला की परत घिऊ," असं ते म्हणाले होते. पाऊस पडला. सुकडी संपली. हॉलमध्ये सोसायटीच्या खताची पोती आली, आणि त्या सोसायटीचे चेअरमन होते आबासाहेबांचे पुतणे.

सर हॉल मागायला आबासाहेबांकडं गेले तेव्हा स्नेहसंमेलनाची जबाबदारी माझ्याकडं होती, म्हणून मीही बरोबर होते. आम्ही बराच वेळ उभे होतो. आबासाहेबांनी फोनवर बोलून घेतलं, सही करून घेतली, मग वर बघितलं.

"मास्तर, कशापायी एवढा जीव काढताव त्या शेडसाठी? तुमच्या लोकांच्या रक्तातच हाय की नाचगाणं. चावडीपुढं वाजीवलं तरी रंगतंय. त्याला फ्रेंच कशाला लागतंय?"

आजूबाजूचे चार लोक हसले. माझे कान तापले. मी सरांकडं पाहिलं.

"बरं," सर म्हणाले.

पुढच्या वर्षी विद्यार्थी कमी आहेत असं कारण देऊन संस्थेनं नाट्यशास्त्र बंद केलं. हॉलच नाही म्हटल्यावर विद्यार्थी कमी होणारच होते. कमलचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. तिला दुसरा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करायला सांगितलं, तेवढी ऐपत तिच्या घरी नव्हती. ती दूध संघात दुधाची फॅट तपासायच्या टेबलावर कामाला लागली. सरांना कॉमर्सच्या मुलांना सक्तीचं इंग्रजी शिकवायला दिलं. पॅरिसहून डॉक्टर होऊन आलेला माणूस कित्येक वर्षं अर्ज कसा लिहावा हे शिकवत राहिला. वर्गात शिरताना फरशीवर ठोकणं त्यांनी बंद केलं. आबासाहेबांबद्दल ते कधीच बोलत नसत. मला वाटलं, थकले. सरांच्या बाबतीत मी असे चुकीचे अंदाज पुष्कळदा केले आहेत.

मग आबासाहेबांची एकसष्टी आली. कारखान्याच्या मैदानात सत्कार, आणि सत्कारात आबासाहेबांच्या जीवनावर नाटक. संहिता लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मराठी शिकवणाऱ्या बाईचं दुसरं काय होणार. दिग्दर्शनासाठी त्यांना ओव्हाळ सर हवे होते, 'परदेशातून शिकून आलेले दिग्दर्शक' असं पत्रिकेत छापायचं होतं. आम्हा दोघांना बंगल्यावर बोलावलं. या वेळी बसायला खुर्च्या दिल्या.

"मास्तर, नाटक रंगलं पायजे," आबासाहेब म्हणाले. "मंत्री येणारेत. टाळ्यांनी मांडव दणाणला पायजे. तेवढं करा, दुसऱ्या दिवशी त्या शेडची किल्ली तुमच्या हातात. इषय बी चालू करू परत."

सरांनी विचार करायलाही वेळ घेतला नाही. करतो म्हणाले. फक्त दोन गोष्टी मागितल्या. एक, आबासाहेबांनी नाटकभर रंगमंचावरच बसावं, मोठ्या सोफ्यावर. "पॅरिसला बड्या माणसांचा तसा रिवाज होता." आबासाहेब खूष झाले. दुसरी गोष्ट टाळ्यांची. कारखान्याच्या सभांना आजूबाजूच्या गावांतून ट्रक भरभरून माणसं येत. गणपत मुकादम नावाचा एक जाडजूड माणूस पुढं उभा राहून पांढरा रुमाल वर करायचा, की टाळ्या सुरू व्हायच्या. रुमाल खाली, टाळ्या बंद. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती की भाषण कुणी ऐकतच नसे. बायका रुमालाकडं डोळा ठेवून खुशाल घरच्या गप्पा मारायच्या.

"मुकादमाला नाटकातलं कळत न्हाय," सर म्हणाले. "भलत्या जागी टाळी पाडंल. रुमाल माझ्याकडं द्या. मी विंगेच्या तोंडाशी हुबा ऱ्हातो."

आबासाहेबांनी मान हलवली. बाहेर पडल्यावर मी सरांवर चिडले. त्या माणसाचं असलं नाटक तुम्ही करणार? हॉलसाठी? सर म्हणाले, "बाई, नाटक वाईट करायचं मला येत न्हाय. तुम्ही लिहा."

मी लिहिलं, भिकार लिहिलं. स्टाफरूममध्ये लोक सरांना टोमणे मारायचे, कपवाले ज्येष्ठ सर तर म्हणाले, शेवटी शेराला सव्वाशेर भेटला. सर तालमी घेत राहिले. आणि त्यांनी आबासाहेबांच्या आईच्या भूमिकेसाठी कमलला बोलावलं.

ती आता तिशी ओलांडलेली, दोन लेकरांची आई होती. दूध संघातली ड्यूटी संपवून संध्याकाळच्या गाडीनं यायची. पहिल्या दिवशी तिनं सरांना विचारलं, "सर, हॉल खरंच मिळंल?" सर म्हणाले, "आबासाहेबानं शब्द दिलाय." तेवढं तिला पुरलं. हॉल मिळाला की बेंबळीच्या पोरी गोळा करायच्या, रविवारी शिकवायचं, असं तिनं ठरवूनही टाकलं. मला गाडीची वाट बघताना सगळं सांगायची. इतकं बोलताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं.

आईच्या मरणाच्या प्रवेशात मी तिला पानभर बोलायला दिलं होतं. तिनं ते सगळं काढून टाकलं. नुसतं पाणी मागायची. मुलगा लोटा द्यायचा. ती लोटा तोंडापर्यंत न्यायची आणि खाली ठेवायची, प्यायची नाही. "तुला राहू दे," एवढंच म्हणायची आणि लोटा छातीशी धरून पडून राहायची. तालमीत पहिल्यांदा हे झालं तेव्हा आबासाहेबांचं काम करणारा पोरगा स्वतःचं वाक्य विसरला. त्या भाटगिरीच्या नाटकात तेवढी एक खरी गोष्ट होती. सर छत्री मांडीवर घेऊन बसले होते.

सत्काराची संध्याकाळ. चैत्र संपत आलेला, उन्हं कलली तरी जमीन वाफा टाकत होती. मांडवात पुढं मंत्री, अधिकारी, धाराशिवचे वकील-डॉक्टर. मागं ट्रकांतून आलेली गावंच्या गावं. गणपत मुकादम सगळ्यांना दम देत फिरत होता, "आज रुमाल स्टेजवरनं हलनार. रुमाल वर गेल्याबिगर कुनी वाजीवली तर गाठ माझ्याशी हाय." रंगमंचावर उजव्या अंगाला सोफा, त्यावर आबासाहेब, डोक्याला फेटा, अंगात कोट, गळ्यात हारांचा ढीग. त्यांच्या डोक्यावर सरांनी मांडवातला सगळ्यात मोठा दिवा लावून घेतला होता. पडदा वर जायच्या आधी सर त्यांच्याजवळ गेले, हार नीट केले आणि कोटाच्या वरच्या खिशात एक पांढराशुभ्र रुमाल खोचला. घाम येईल म्हणून, असं म्हणाले. आबासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. मला विंगेत उभं राहून लाज वाटत होती.

नाटक सुरू झालं. आबासाहेबांचं काम करणाऱ्या पोरानं पहिलं जोरदार वाक्य टाकलं आणि टाळीसाठी थांबला. टाळी आली नाही. सर विंगेच्या तोंडाशी उभे होते, सगळ्या लोकांना दिसतील असे. रुमाल त्यांच्या हातात, हात खाली. हजारो माणसं त्या हाताकडं बघत होती. दुसरं वाक्य, तिसरं वाक्य. कारखान्यात उसाची पहिली मोळी टाकायचा प्रसंग झाला, आबासाहेबांनी दुष्काळात जिल्हा जगवला हा प्रसंग झाला. लोक हात मांडीवर ठेवून बसलेले. गणपत मुकादम खालून खुणा करत होता. सर त्याच्याकडं बघतच नव्हते, ते आबासाहेबांकडं बघत होते. मला तेव्हा सगळं कळलं. खरं सांगते, माझ्या अंगावर सुखाचा काटा आला. हात वर केला असता तर हॉल मिळत होता. तो हात वर जाणार नाही हे मला कळलं आणि मी मनातल्या मनात म्हटलं, नकाच करू.

आबासाहेब आधी हसत होते. मग त्यांचं हसू नुसतंच चेहऱ्यावर राहिलं. दिवा डोक्यावर जळत होता. कपाळावरून, कानशिलांवरून घामाच्या धारा लागल्या. समोर कमलचा प्रवेश सुरू झाला होता. तिनं पाणी मागितलं. मांडवात खरी शांतता पसरली, मघाची नव्हे. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. मागं ट्रकांतून आलेल्या बायांनीही गप्पा सोडून माना वर केल्या. तिनं लोटा ओठांपाशी नेला, खाली आणला, आणि ती बोलणार, तेवढ्यात आबासाहेबांनी खिशातला रुमाल काढला आणि कपाळ पुसायला हात वर नेला.

पांढरा रुमाल वर गेला. सगळा मांडव टाळ्यांनी फुटला. एवढा वेळ दाबून ठेवलेल्या टाळ्या. आई मरायलीय आणि टाळ्या. आबासाहेब दचकले, हात खाली आला, टाळ्या बंद. त्यांना काही कळेना. पुन्हा घाम, पुन्हा रुमाल, पुन्हा कडकडाट. पुढच्या रांगेत आधी एक वकील हसला, मग हसू पसरत मंत्र्यांपर्यंत गेलं. तिसऱ्या वेळी आबासाहेबांच्या लक्षात आलं. मग नाटक संपेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही. डोळ्यांत घाम उतरत होता, मिशीवरून थेंब ठिबकत होते, आणि ते दगडासारखे बसून होते. मंत्र्यांनी रुमालानं तोंड झाकलं, तर त्यालाही चार टाळ्या पडल्या.

कमलनं लोटा छातीशी धरलेला होता. टाळ्या थांबल्यावर तिनं डोळे उघडून विंगेकडं, सरांकडं पाहिलं. मग तिनं आपलं वाक्य म्हटलं. ते कुणालाही ऐकू गेलं नाही.

नाटक संपल्यावर पडद्यामागं आबासाहेब सरांसमोर उभे राहिले. कोट भिजला होता. "मास्तर, हे तुमी केलंव."

"टाळ्या पडल्या का न्हाय, आबासाहेब?" सर शांतपणे म्हणाले. "ठरल्याप्रमाणं किल्ली द्या."

किल्ली अर्थातच मिळाली नाही. महिन्याच्या आत सरांची बदली संस्थेच्या तेरच्या शाखेत झाली, अकरावीला इंग्रजी. जिल्हाभर मात्र मजा झाली. आबासाहेब कुठल्याही सभेत गेले आणि त्यांचा हात खिशाकडं वळला, की मागून एखादी टाळी वाजायचीच. शेवटी ते घाम धोतराच्या सोग्यानं पुसायला लागले, आणि सोगा दिसला तरी लोक हसायचे. इतका मोठा माणूस, चैत्र-वैशाखात बाहेर पडायला घाबरायला लागला. मला त्यांची कीव आली नाही. आजही येत नाही.

सर तेरला सुखात होते. सूड माणसाला खातो म्हणतात, सर तिथं अंगानं भरले. नदीच्या बाजूला घर घेतलं, वांगी लावली. मी गेले की आपल्या पॅरिसबद्दल बोलायचे. हॉलचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी कमल माझ्या घरी आली. म्हणाली, बाई, सरांकडं जायचंय, तुम्ही चला. मला वाटलं, सहज भेटायचं असेल. आम्ही तेरची गाडी पकडली. सरांना तिला बघून फार आनंद झाला. बायकोला हाक मारली, पिशवी भरून वांगी दिली. कमलनं पिशवी खाली ठेवली.

"सर, त्या दिवशी लाइट तुमच्या हातात व्हती."

सर थांबले. "तो कवा घाम पुसंल, ते माझ्या हातात नव्हतं, कमल."

"लाइट व्हती. माझ्या सीनपुरती बंद करायची. तेवढाच माझा सीन व्हता. दुष्काळापासनं वाट बघितलेला. तुमच्या ध्यानात आलं न्हाय का?"

मी मध्ये काहीतरी बोलायला गेले. सरांनी मला हातानं थांबवलं. खोटं बोलायला त्यांना सहज जमलं असतं, आणि तिला तेच ऐकायचं होतं असं मला वाटलं.

"आलं व्हतं," सर म्हणाले.

कमलनं मान हलवली. रडली नाही. "आबासाहेबानं हॉल घेतला. तुम्ही सीन घेतला. त्याला तुम्ही माफ केलं न्हाय, मीबी केलं न्हाय. तुम्हालाबी करनार न्हाय, सर. हे तोंडावर सांगावं म्हणून आले."

सरांची बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. सर उठले, पायात चपला घातल्या आणि आम्हाला पोचवायला स्टँडवर आले. कमल गाडीत पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसली. सर गाडीला वळसा घालून त्या बाजूला गेले आणि मान वर करून तिच्याकडं बघत उभे राहिले.

"करू नकोस माफ," ते म्हणाले. "पण कुठंतरी उभी ऱ्हा. एखादा पार्ट कर. मी येऊन मागं बसंन."

"करीन," कमल म्हणाली. "तुम्ही येऊ नका."

गाडी निघाली. मी मागं वळून पाहिलं. सर धुळीत उभे होते, तोंड वेडंवाकडं झालेलं, आणि ते हातानं डोळे पुसत होते. मला दिसलेले सर ते शेवटचे. त्याच पावसाळ्यात ते गेले. कमलनं पुढं दूध संघाच्या बायका जमवून नाटक बसवलं, ते बेंबळीच्या शाळेपुढच्या पटांगणात झालं. मी गेले होते. ती कामाला उभी राहायच्या आधी सगळ्या लोकांवरून नजर फिरवत होती. अगदी मागच्या रांगेपर्यंत, आणि तिथं बराच वेळ थांबून.